स्वराज्यस्थापना : भोर व वेल्हे

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे तालुक्यांच्या डोंगरी मुलुखात सतराव्या शतकाच्या मध्यास झालेली मराठी राज्याची उभारणी. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची खोरी म्हणजेच त्या वेळचे हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ व कानद खोरे. जमीन उताराची, पीक नाचणी-वरी आणि भाताचे, पाऊस अतोनात. अंमल विजापूरच्या आदिलशाहीचा होता, पण रयतेला रोज तोंड द्यावे लागे ते देशमुख, देशपांडे आणि पाटील या वतनदारांना. वसुली त्यांची, तंटा तोडणारेही तेच. त्यांच्याविरुद्ध दाद मागायची तर विजापूर फार दूर होते.

स्वराज्याची सुरुवात सांगताना भोर तालुक्यातील रायरेश्वराच्या देवळात शिवाजीराजांनी घेतलेली स्वराज्याची शपथ आणि तोरण्याचा ताबा या दोन गोष्टी पुढे येतात. शपथेची कथा परंपरेने आलेली आहे. तोरणा (प्रचंडगड) आरंभीच्या काळातच हाती आला, त्याच्या नेमक्या सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. या दोहोंइतकेच, किंबहुना अधिक, वजन एका कागदाला द्यायला हवे. जानेवारी १६४६ चे हे आज्ञापत्र भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलासंबंधी आहे. बाबाजी बिन भिकाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअंमल केला. तक्रार शिवाजीराजांपर्यंत गेली, चौकशीत गुन्हा शाबीत झाला, पाटलाचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी काढून घेण्यात आली. त्याच्याच भाऊबंदांपैकी सोनजी बनाजी गुजर याने त्याला सांभाळण्याची जबाबदारी घेतली, तेव्हा पाटीलकी सोनजीकडे देण्यात आली. शिक्षा आजच्या मनाला क्रूर वाटते. पण वतन पिढीजात असले तरी गुन्ह्याला माफी नाही, आणि बाईची दाद पाटलाच्या मानापेक्षा मोठी आहे, असे इथे सरकारी लेखात उतरले. राजांचे तेव्हा सोळावे वर्ष सरत होते. गड घेणे पुंडालाही जमते. न्याय देण्याचा हक्क हाती घेऊन तो निभावणे हे मात्र राज्याचेच लक्षण, आणि म्हणून रांझ्याचा निवाडा हा राज्यस्थापनेचा पुरावा मानणे योग्य.

वतनदारांची कसोटी १६५९ मध्ये लागली. आदिलशाही सरदार अफजलखान राजांवर चालून येत असताना मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्माने आली : खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. कारीचे कान्होजी जेधे फर्मान घेऊन मुलांसह राजगडावर आले आणि ते राजांपुढे ठेवले. तुमचे वतन बुडेल, असे राजांनी बजावताच त्यांनी वतनावर पाणी सोडले. जेधे घराण्याच्या करिन्यात ही हकीकत नोंदलेली आहे. उत्रवळीचा खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेला. पुढे तो सापडला, कान्होजींनी रदबदली केल्यामुळे प्राण वाचले, तरी एक हात आणि एक पाय गमवावा लागला. दोन्ही गावे भोर तालुक्यातलीच. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत राजांच्या बाजूने लढलेले बांदल देशमुख आणि बाजीप्रभू देशपांडेही हिरडस मावळचे.

राजधानी वेल्हे तालुक्यात, मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधलेल्या राजगडावर होती. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला अशी त्याची रचना आहे. १६६५ च्या पुरंदर तहात २३ किल्ले मोगलांना गेले, राहिलेल्या बारांत राजगड आणि तोरणा होते. राजधानी रायगडावर हलली ती त्यानंतर.

मुलूख, फौज, गड आणि न्याय असूनही शेजारच्या सत्ता शिवाजीराजांना बंडखोर जहागीरदारच म्हणत. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाने मान्यतेच्या या प्रश्नाला उत्तर दिले. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन समारंभाला हजर होता आणि त्याच महिन्यात इंग्रजांशी तहही झाला. मान्यतेचा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. पॅलेस्टिनी नेतृत्वाने १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्स येथे राज्याची घोषणा केली. भारताने तीनच दिवसांत तिला मान्यता दिली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनला निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. जगातील बहुसंख्य देश आज त्याला राज्य मानतात, तरी आपल्या भूमीवर अखंड सत्ता चालवणे पॅलेस्टिनींच्या हाती आलेले नाही. मावळात सत्ता आधी आली आणि मान्यता मागाहून. पॅलेस्टाइनमध्ये क्रम उलटा आहे, आणि त्याची किंमत निर्वासित छावण्यांत वाढलेल्या पिढ्या मोजत आहेत.

१७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड आणि तोरणा जिंकले. शंकराजी नारायण सचिव यांनी राजगड परत मिळवला, आणि त्यांच्याच घराण्याकडे पुढे हा मुलूख भोर संस्थान म्हणून राहिला. साताऱ्याचे राज्य १८४९ मध्ये खालसा झाल्यावर भोर थेट ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आले. १९०१ च्या खानेसुमारीत संस्थानाची लोकसंख्या १,३७,२६८ होती. विचित्रगड (रोहिडा), राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके. वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा २०२४ मधील निर्णय त्या जुन्या व्यवस्थेशी जुळतो.

स्वराज्याच्या या जन्मभूमीत विसाव्या शतकातही रयतेला राज्यकारभारात वाटा मागावा लागला, हे नोंदवणे भाग आहे. दक्षिणी संस्थानांतील प्रजा परिषदांची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. औंधच्या राजांनी ती १९३९ मध्येच मान्य केली होती. ८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. घाटावरचा बहुतेक भाग पुणे जिल्ह्यात गेला आणि घाटाखालचा सुधागड कुलाबा जिल्ह्यात.