मागच्या दातांचा भरवसा

सापांचे बिनविषारी, निमविषारी आणि विषारी असे तीन वर्ग आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतात. हरणटोळ, मांजऱ्या हे मधल्या वर्गातले. त्यांचे विषाचे खोबणीदार दात जबड्यात मागे असतात, त्यामुळे माणसाला चावले तरी विष सहसा फारसं उतरत नाही. युरोप-अमेरिकेत असे साप घरातल्या काचेच्या पेटीत पाळले जाऊ लागले, ते याच वर्गवारीवर विसंबून. पण ही वर्गवारी मुळात दातांची होती, विषाची नव्हे. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक संग्रहालयातल्या बरण्यांमधले मेलेले साप तपासत. त्यांना दाताची खोबण दिसे. रक्तात गेल्यावर विष काय करतं, हे बरणीतल्या सापावरून कळणार कसं? तरीही दाताची जागा हेच पुढे धोक्याचं माप ठरलं, आणि माझ्या मते या छंदाची मूळ चूक तीच आहे.

तिची किंमत जाणत्यांनीच मोजली. २५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट ओळख पटवण्यासाठी आलेला आफ्रिकेतला बूमस्लँग हा मागच्या दातांचा साप हाताळत होते. साप लहान होता, चावा एकाच दाताचा आणि जेमतेम ३ मिलिमीटर खोल. रात्री हिरड्यांतून रक्त आलं, सकाळी मात्र त्यांनी न्याहारी केली. आपली लक्षणं ते टिपून ठेवत होते. त्याच दुपारी ते गेले. हे विष रक्त गोठवणारे घटक हळूहळू संपवून टाकतं, आणि मधल्या तासांत माणसाला आपण सावरलो असं वाटत राहतं. फ्रँकफर्टचे सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ मध्ये स्वतः पाळलेल्या, तशाच मागच्या दातांच्या आफ्रिकी काटकीसापाच्या चाव्याने १८ दिवसांनी वारले.

यावर छंदी लोक म्हणतात, हे अपवाद आहेत. अमेरिकेतला नाकाड्या हॉगनोज हजारो घरांत आहे आणि त्याचा चावा सहसा फक्त सुजतो. हे खरं आहे, आणि कुणी त्या सापाला बूमस्लँगच्या पंक्तीला बसवावं असं मी म्हणणार नाही. पण हा निर्वाळा हॉगनोजचा, त्याच्या वर्गाचा नव्हे. उलट बाजूही पाहावी. आग्नेय आशियातला लालमानेचा पाणसाप दातांना खोबण नाही म्हणून जुन्या वर्गवारीत चक्क निरुपद्रवींमध्ये होता, आणि तसाच तो पाळीव प्राण्यांच्या बाजारात विकला गेला. पुढे त्याच्या चाव्यांनी पाळणाऱ्यांना रक्तस्रावाने रुग्णालयात नेलं. बूमस्लँगवर निदान दक्षिण आफ्रिकेत प्रतिविष तयार होतं. काटकीसापावर ते मेर्टेन्स यांच्या वेळी नव्हतं, आजही नाही.