हातापुरतीच भूल : ‘ब्रेकियल प्लेक्सस ब्लॉक’

हाताची शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक भूलतज्ज्ञांना हमखास विचारतात, ‘पूर्ण भूल देणार का?’ कोपर, मनगट वा बोटांच्या बहुतेक शस्त्रक्रियांना तशी गरज नसते. रुग्णाला जागे ठेवून केवळ तो हात बधिर करता येतो.

हाताला संवेदना व हालचाल देणारे मज्जातंतू मानेतून निघतात. त्यांचे जाळे, म्हणजेच ‘ब्रेकियल प्लेक्सस’, गळपट्टीच्या हाडामागून काखेत उतरते. या वाटेवर सुई कोठे टोचायची हे शस्त्रक्रियेच्या जागेवरून ठरते. खांद्यासाठी मानेच्या बाजूला, दंडाच्या खालच्या भागापासून बोटांपर्यंत गळपट्टीच्या हाडाच्या वर किंवा खाली, तर मनगट व पंजासाठी काखेत. त्वचेतून सुई घालून असा ब्लॉक देण्याच्या पद्धती १९११ मध्ये जर्मनीत हिर्शेल व कुलेनकाम्फ यांनी मांडल्या. कुलेनकाम्फ यांनी तर प्रयोग स्वतःवरच केला होता.

गळपट्टीच्या हाडाजवळच फुफ्फुसाचे टोक असते. सुई खोल गेल्यास छातीच्या पोकळीत हवा शिरू शकते. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसू लागल्यापासून हा धोका बराच घटला, संपला मात्र नाही. मानेतील ब्लॉकमुळे त्या बाजूचे श्वासपटल काही तास लुळे पडू शकते. म्हणूनच दम्याचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लयही बिघडू शकते. ब्लॉक अपुरा पडल्यास पूर्ण भूल द्यावी लागते. ‘हातापुरतेच तर आहे’ म्हणून उपाशी राहण्याची सूचना टाळणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

खरी गफलत घरी गेल्यावर होते. लिग्नोकेनचा परिणाम साधारण दोन-तीन तास टिकतो. ब्युपिव्हाकेनचा मात्र बारा तास किंवा त्याहूनही अधिक. तोवर हात निर्जीव लोंबकळतो. तो झोळीत ठेवावा, गरम भांड्यापासून दूर ठेवावा. भाजले तरी कळणार नाही. बधिरता ओसरताच वेदना एकदम उसळतात, बहुधा मध्यरात्री. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी त्याआधीच घ्यावी. दुसऱ्या दिवशीही बोटे हलत नसतील किंवा धाप लागत असेल, तर फोनवर न भागवता रुग्णालय गाठावे.