राजाचे नाव नसलेले नाणे

सम्राट जॉन त्झिमिस्केस (९६९–९७६) याच्या काळात बायझंटाइन साम्राज्यात तांब्याचे एक विलक्षण नाणे प्रचारात आले. त्या ‘फॉलिस’वर सम्राटाची ना मुद्रा, ना नाव.

पुढच्या बाजूस ख्रिस्ताची प्रतिमा आणि तिच्या डाव्या-उजव्या अंगास दोन-दोन अक्षरे. रोमन लिपीला सरावलेला डोळा ती ‘आय-सी’, ‘एक्स-सी’ अशी वाचतो आणि तेथेच फसतो. अक्षरे ग्रीक आहेत. चंद्रकोरीसारखे अक्षर ‘सिग्मा’, म्हणजे ‘स’. फुलीसारखे ‘खी’, म्हणजे ‘ख’. ‘येसूस ख्रिस्तोस’ या शब्दांची केवळ आद्य व अंत्य अक्षरे घेतली आहेत. वरची आडवी रेघ ही संक्षेपाची खूण.

आता नाणे उलटे करा. चार ओळींत मजकूर आहे : ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’. भाषा ग्रीक, पण येथला ‘स’ नागमोडी, लॅटिन वळणाचा. एकाच नाण्यावर एकाच ध्वनीची दोन रूपे! ही खोदणाऱ्याची चूक नव्हे. हे राज्य स्वतःला रोमनच म्हणवीत असे आणि त्याच्या नाण्यांवर शतकानुशतके लॅटिन नांदली होती. भाषा पालटली, अक्षरांचे वळण मागे राहिले.

१०९२ च्या चलनसुधारणेपर्यंत अशी निनावी नाणी निघत राहिली. जुन्याच नाण्यांवर पुष्कळदा नवा ठसा मारला जाई. खालच्या ठशाचे पुसट अवशेष कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे सांगतात. म्हणून असे नाणे घासून लखलखीत करू नये. रेघ पुसली की साक्ष गेली.