मोढेरा सौरग्राम प्रकल्प

मोढेरा हे गुजरात राज्याच्या मेहसाणा जिल्ह्यातील पुष्पावती नदीकाठचे गाव आहे. अकराव्या शतकात सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या कारकिर्दीत बांधलेल्या सूर्यमंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मोढेरा हे चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव असल्याचे घोषित केले. या घोषणेतील महत्त्वाचा शब्द ‘सौर’ नसून ‘चोवीस तास’ हा आहे. छतावर सौर पॅनेल असलेली गावे भारतात पूर्वीही होती. परंतु सूर्यास्तानंतर त्यांना अन्य स्रोतांच्या विजेवर अवलंबून राहावे लागत असे.

== रचना ==
प्रकल्पाचे तीन भाग आहेत. सुज्जनपुरा येथे १२ हेक्टर जमिनीवर ६ मेगावॉट क्षमतेचे सौर विद्युत केंद्र आहे. त्याला १५ मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी साठवण यंत्रणा जोडलेली आहे. याशिवाय १,३०० हून अधिक घरांच्या छतांवर प्रत्येकी १ किलोवॉटचे संच बसविण्यात आले. सुमारे ८० कोटी रुपयांचा खर्च केंद्र व राज्य सरकारांनी निम्मा-निम्मा उचलला.

== कार्यपद्धती ==
सौर पॅनेलमधून दिष्ट विद्युतधारा मिळते. इन्व्हर्टर तिचे प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करून ती वीजजाळ्यात सोडतो. दुपारी उत्पादन सर्वाधिक असते, तर घरगुती मागणी दिवेलागणीनंतर वाढते. दुपारची वीज सायंकाळपर्यंत राखून ठेवणे, हे बॅटरीचे मुख्य काम होय. ढगाची सावली पडून उत्पादन अचानक घसरल्यास ती तूट काही क्षणांत भरून काढणे हेही तिच्याकडून साधते.

येथे मेगावॉट आणि मेगावॉट-तास यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे; वृत्तपत्रांतही या दोन एककांची अनेकदा गल्लत होते. मेगावॉट हे एका क्षणी किती वीज मिळते याचे माप आहे, तर मेगावॉट-तास हे एकूण साठ्याचे. १५ मेगावॉट-तास म्हणजे १५,००० युनिट. सुज्जनपुऱ्याचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले आणि सर्व वीज बॅटरीकडे वळवली, तर ती भरण्यास किमान अडीच तास लागतील. भरलेली बॅटरी १ मेगावॉटची मागणी, वहनातील घट सोडल्यास, १५ तास पुरवू शकते. मागणी ३ मेगावॉट झाली, तर तोच साठा ५ तासांत संपतो. त्यामुळे ‘रात्रभर वीज’ हे केवळ बॅटरीच्या आकारावर नव्हे, तर गावाच्या वापरावरही ठरते.

छतावरील १ किलोवॉटचा संच निरभ्र दिवशी साधारणतः ४ ते ५ युनिट वीज देतो. वीजबिलात ६० ते १०० टक्के बचत होऊ शकते, असे शासनाने म्हटले आहे.

== मर्यादा ==
बॅटरी एका दिवसातील काही तासांचे अंतर भरून काढते, ऋतूंचे नाही. पावसाळ्यात सलग काही दिवस आभाळ झाकोळलेले राहिल्यास एवढा साठा अपुरा पडतो. त्यामुळे अशा प्रकल्पांना वीजजाळ्याची जोड आवश्यक असते आणि मोढेऱ्यातही ती आहे. लिथियम-आयन बॅटरीत साठवून परत घेताना साधारणपणे दहा ते पंधरा टक्के ऊर्जा वाया जाते. वर्षागणिक साठवण क्षमताही घटते.

साठवण सर्वत्र आवश्यक असतेच असे नाही. शेतीपंप दिवसा चालवता येतात. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच तत्त्वावर आधारलेली आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी देण्यास जावे लागू नये, म्हणून दिवसाच वीज देणे हा तिचा उद्देश आहे. घरातील दिव्यांना मात्र ही सवलत नाही.

== सूर्यमंदिर ==
मंदिराच्या परिसरातही सौर संच बसविण्यात आले असून तेथे विद्युत वाहनांसाठी चार्जिंग केंद्र आहे. मंदिराच्या भिंतींवर सायंकाळी दाखवला जाणारा त्रिमितीय प्रकाशपटही सौरऊर्जेवरच चालतो.