सशांचं देणं

आमच्या धाकट्या काकांच्या नडगीवर एक खोल वण आहे. लहानपणी आम्ही मुली त्यात बोट ठेवून बघायचो. आज्जी सांगायची, "पाच वर्षं वाहत होतं गं ते. बरं झालं म्हणावं, तर पावसाळ्यात पुन्हा फुटायचं. एकदा पट्टी सोडताना हाडाची कपचीच माझ्या हातात आली." शेवटी १९७८ साली ऑपरेशन करून मेलेलं हाड काढलं, कित्येक आठवडे इंजेक्शनं दिली आणि काका शेतात चालत जायला लागले.

या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. हाडात मुरून बसलेला जंतुसंसर्ग. त्यावरची औषधं कशी ठरली, हे मी या वयात वाचायला घेतलं आणि ती वाट थेट सशांच्या पिंजऱ्यापाशी गेली. पाणी गाळून पिणाऱ्या घरातल्या बाईला ते वाचणं सोपं नव्हतं.

१८८० साली पाश्चर यांनी एका मुलीच्या हाडातला पू तपासला. साध्या गळवात सापडतात तसलेच जंतू त्यात होते. पुढच्या चार-पाच वर्षांत फ्रान्समध्येच रोदे यांनी असे जंतू सशांच्या शिरेत सोडले. हाडांत गळवं झाली खरी, पण जंतू रक्तातून अंगभर पसरायचे आणि दुखणं जुनं व्हायच्या आत बरेच ससे मरून जायचे. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या पायाचं कोडं त्यातून सुटणार नव्हतं.

१९४१ साली अमेरिकेत शेमन, जानोटा आणि लेविन यांनी जंतू थेट सशाच्या नडगीच्या हाडात टोचले. पण नुसत्या जंतूंनी दुखणं जडेना. म्हणून सोबत सोडियम मॉरुएट टोचलं. ते कॉड माशाच्या तेलापासून करतात. म्हणजे सशाबरोबर मासाही आलाच! या द्रव्याने तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडायच्या, हाडाचा तेवढा भाग मरायचा आणि मग जंतू तिथे घर करायचे. १९७० साली कार्ल नॉर्डन यांनी ही पद्धत नीट बसवली. त्यांच्या सशांचं दुखणं माणसासारखंच जुनं व्हायचं, म्हणून त्यांच्यावर औषधं ताडून बघता आली. कुठलं औषध एकटं पुरत नाही, कुठल्या दोन औषधांची जोडी बरी, हे त्यातून कळत गेलं.

मेलेलं हाड काढावं लागतं, हे शल्यवैद्यांना अनुभवाने आधीच ठाऊक होतं. सशांमुळे त्यामागचं कारण स्पष्ट झालं. औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या हाडाला रक्तच मिळत नाही.

हे सगळं मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग ते ससे बरे झाले का?"

मी सांगितलं, "औषध लागू पडलं का, हे बघायला हाड काढून त्यातले जंतू मोजावे लागत. त्यामुळे बरा झालेला ससाही मारावाच लागे."

काका वणावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले.

मैत्रिणींनो, औषध घेऊ नका असं मी म्हणणार नाही. काकांच्या जागी माझं लेकरू असतं, तर मीही इंजेक्शन द्या म्हणूनच हात जोडले असते. पण आपण मुंगी वाचवून चालतो आणि औषधाच्या बाटलीमागचा जीव आपल्याला दिसत नाही, याला अहिंसा कसं म्हणायचं? १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून तीन गोष्टी मांडल्या: प्राण्यावाचून काम होत असेल तर तसं करा, नाहीतर कमीत कमी प्राणी वापरा, आणि त्यांच्या वेदना कमी करा. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झटल्या आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्याने प्रयोग बंद झाले नाहीत, पण त्यांच्यावर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची सोय झाली. आपल्या घरांतली कितीतरी मुलं आज फार्मसी शिकतात, औषध कंपन्यांत काम करतात. हे तीन प्रश्न त्यांच्या कानावर आपणच घालायचे.

यंदा क्षमावणीला काका घरातल्या सगळ्यांना हात जोडून झाल्यावर अंगणात गेले. तिथे कोणीच नव्हतं. तरी त्यांनी पुन्हा हात जोडले.