ठगांचे कबुलीजबाब : भारतातील सत्य गुन्हेकथनाचा एक आरंभ

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांचे कथन करणाऱ्या ललितेतर वाङ्मयाचा विचार करताना बहुधा ट्रुमन कपोट यांच्या १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'इन कोल्ड ब्लड'चा प्रथम उल्लेख होतो. भारतापुरता विचार केल्यास या वाङ्मयप्रकाराचा एक ठळक आरंभ त्यापूर्वी सुमारे एकशे तीस वर्षे, तोही कंपनी सरकारच्या कचेरीत झालेला आढळतो.

विल्यम स्लीमन यांचा 'रामसीआना' हा ग्रंथ १८३६ मध्ये कलकत्ता येथे छापला गेला. वरकरणी तो ठगांच्या 'रामसी' या सांकेतिक बोलीचा कोश आहे. परंतु पकडलेल्या ठगांशी झालेले प्रश्नोत्तररूप संवाद हा त्याचा खरा गाभा होय. वाटसरूचा विश्वास कसा संपादन करावा, शकुन कोणते मानावेत, रुमालाने गळा केव्हा आवळावा, प्रेताची विल्हेवाट कशी लावावी, हे सारे त्यात गुन्हेगाराच्याच तोंडून येते. (मराठीत 'ठग' म्हणजे फसवणारा, लबाड. कंपनीच्या दप्तरात मात्र त्याच शब्दाला वंशपरंपरागत गळा आवळणारा हा अर्थ चिकटला.)

हे निवेदक कोण होते, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. ते माफीचे साक्षीदार होते. फिरंगिया हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्यांना मिळालेली माफी सशर्त होती : सर्व काही सांगावे, साथीदारांची नावे द्यावीत, काही दडवू नये. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे अधिक, त्याचे जीवित अधिक सुरक्षित. अशा परिस्थितीत कथन विस्तारत जाणे स्वाभाविक होते. तथापि ते सर्वस्वी कल्पित मानणेही योग्य नव्हे, कारण साक्षीदारांनी दाखविलेल्या जागी खणल्यावर प्रेते सापडली होती. स्लीमन यांनी मात्र या विखुरलेल्या साक्षींतून एका अखिल भारतीय, धर्माधिष्ठित व आनुवंशिक संघटनेचे चित्र उभे केले. एवढा मोठा निष्कर्ष त्या साक्षींना पेलणारा नव्हता.

त्याच १८३६ सालच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीशी असलेला संबंध, मग तो कायद्यापूर्वीचा का असेना, सिद्ध झाल्यास जन्मठेपेस पात्र ठरविला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. कथनाने आधी टोळीचे रूप निश्चित केले आणि कायद्याने त्या रूपालाच गुन्हा मानले.

निजामाच्या सेवेतील फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तिचा नायक अमीर अली आपली हकिकत एका 'साहेबा'स सांगतो. म्हणजे माफीच्या साक्षीदाराचा साचा येथे जसाच्या तसा कायम आहे. कथन बहुतांशी सत्य असल्याची ग्वाही टेलर यांनी प्रस्तावनेत दिली, आणि इंग्रज वाचकांपैकी अनेकांना ठग परिचित झाला तो या कादंबरीतूनच.

इतिहासकारांत मतभेद आहेत. हिरालाल गुप्ता (१९५९) यांनी ठगीचा संबंध ब्रिटिश सत्तेच्या विस्ताराशी जोडला. स्ट्युअर्ट गॉर्डन (१९६९) यांनी अठराव्या शतकातील माळव्याच्या, म्हणजे मराठ्यांच्या अमलाखालील प्रदेशाच्या, राज्यनिर्मितीच्या संदर्भात ठगांचा विचार केला. ठगी ही स्थानिक आश्रयावर पोसलेली वास्तव लूटमार होती, हे किम वॅग्नर (२००७) यांचे प्रतिपादन उपलब्ध पुराव्यास अधिक जवळचे वाटते.

आनुवंशिक गुन्हेगारीची ही कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात संपूर्ण समूहांना लागू झाली. १९११ च्या कायद्याने तिची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. त्यातही चोरीची तंत्रे आहेत, पोलिसांचा मार आहे, प्रथमपुरुषी निवेदन आहे. मात्र लातूर परिसरातील या निवेदकासमोर कोणी साहेब बसलेला नाही, आणि त्याच्या सांगण्यावर कोणाचीही माफी अवलंबून नाही.