यकृताच्या कर्करोगावरील दुर्बीण-शस्त्रक्रिया : इतिहास आणि सोलापूरचा संदर्भ

प्रस्तावना

सोलापूर–पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत, राज्य कामगार विम्याचे कवच नसलेल्या रोजंदार कामगाराच्या दृष्टीने शस्त्रक्रिया हा केवळ वैद्यकीय प्रश्न नसतो. अंथरुणावर गेलेला प्रत्येक दिवस त्याच्या मजुरीतून वजा होतो. लहान छेदांतून होणारी यकृताची शस्त्रक्रिया अशा रुग्णास विशेष उपकारक आहे. परंतु तिचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचण्यास केवळ तंत्र पुरेसे आहे काय, या दृष्टीने तिच्या इतिहासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रक्तस्रावाचे आव्हान

यकृतात रक्ताचा मोठा साठा असल्याने शल्यविशारद त्यावर शस्त्र चालविण्यास दीर्घकाळ धजावत नसत. १८८८ मध्ये जर्मनीतील कार्ल लांगेनबुख यांनी यकृताचा काही भाग यशस्वीरीत्या काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. तथापि रक्तस्रावामुळे रुग्णाचे पोट पुन्हा उघडावे लागले. १९०८ मध्ये जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या तात्पुरत्या दाबून धरण्याची पद्धत मांडली. पुढे फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ च्या ग्रंथात यकृताची आठ खंडांत विभागणी स्पष्ट केली. त्यामुळे रोगग्रस्त खंड काढून उर्वरित यकृत राखण्यास शास्त्रीय आधार मिळाला.

मुंबईतील आरंभ

डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निदानासाठी दुर्बिणीचा वापर सुरू केला. केवळ निदानाकरिता मोठा छेद घेण्याऐवजी लहान छिद्रातून यकृत प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीत दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले होते. भारतातील तशी पहिली शस्त्रक्रिया उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयातच केली. हे तंत्र श्रीमंतांची चैन नसून विकसनशील देशांतील गरीब रुग्णांच्या गरजेचे आहे, ही त्यांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते.

पित्ताशयाकडून यकृताकडे

यकृतावरील दुर्बीण-शस्त्रक्रियेची सुरुवात सौम्य गाठींपासून झाली. १९९१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हॅरी राइश यांनी अशा गाठी काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. कर्करोगाबाबत मात्र रक्तस्राव आणि गाठ पूर्णपणे निघेल की नाही, या दोन शंका कायम होत्या. अनुभवांती असे दिसून आले की, पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबामुळे शिरांतील रक्तस्राव कमी होतो. २००८ च्या लुईव्हिल येथील तज्ज्ञ परिषदेने ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच, यकृताच्या कडेच्या खंडांतील गाठ या पद्धतीस सर्वाधिक योग्य मानली. या निकषातच एक सामाजिक अट दडलेली आहे : गाठ लहान असतानाच निदान व्हावयास हवे.

सोलापूर जिल्ह्याचा संदर्भ

यकृताचा प्राथमिक कर्करोग बहुधा हिपॅटायटिस बी व सी किंवा मद्यपान यांमुळे आधीच दुखावलेल्या यकृतात उद्भवतो आणि प्रारंभी लक्षणे दाखवीत नाही. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आवश्यक ठरते. या जिल्ह्याला रोगशोधाची परंपरा आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांतही सोलापूर होता. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना तिने मोठ्या शस्त्रक्रियांचा आर्थिक आधार दिला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

समारोप

शल्यविद्येने शतकभरात छेद लहान केला; परंतु उशिरा आलेल्या रुग्णास त्याचा उपयोग मर्यादितच राहतो. खर्चाचा भार योजना उचलू शकते. हुकलेली वेळ परत आणू शकत नाही. म्हणून कामगार वस्तीतील नियमित तपासणी आणि हिपॅटायटिस बीची लस या गोष्टी शस्त्रक्रियागृहाइतक्याच या इतिहासाचा भाग मानावयास हव्यात.